कळ

"दाब," नोटबुर्गा वरून म्हणते. मी दाबतो.
ती शिडीवर, जस्ताच्या नळ्यांच्या दाटीत,
कान तिरका, डावा खांदा वर चढलेला.
माझं काम एवढंच: कळ धरून बसायचं
ती "पुढची" म्हणेपर्यंत.

इन नदीच्या खोऱ्यातली सतरा चर्च आम्ही अशी फिरतो,
त्यांचे ऑर्गन सुरात आणत,
हीटर बंद पडलेल्या व्हॅनमधून.

मध्येच कधी दक्षिणेकडून फ्योन सुटतो.
डोंगर हातभर अंतरावर येऊन उभे राहतात,
छपरांवरून बर्फ गळतं, कुत्री उगाच भुंकतात,
आणि तिच्या डाव्या भुवईवर कुणीतरी
खिळा ठोकायला घेतं.
मग ती मागच्या सीटवर, तोंडावर कोट.
"फ्योन," एवढंच म्हणते.
सगळं खोरंच तसं म्हणतं.
पाव करपला तरी फ्योन,
नवराबायकोचं वाजलं तरी फ्योन.

गोळ्या आधी पांढऱ्या होत्या, मग लांबट, मग दोन-दोन.
डोळे तपासून झाले.
यंत्रात झोपवून डोक्याच्या आतले फोटो काढून झाले.
काही नाही, असं सांगितलं तिला.
'काही नाही' इतकं कसं दुखतं,
हे मात्र कुणी सांगितलं नाही.

श्वात्सची डॉक्टरीण आफ्रा टाफर्नर
डोक्याकडे वळलीच नाही बराच वेळ.
सकाळी काय खाता?
कॉफी.
रात्री दात खाता?
नोटबुर्गा गप्प.
आठवड्याला गोळ्या किती?
हत्यारांची पेटी कुठल्या खांद्यावर?
आणि घरी कोण असतं?
बाहेर येऊन ती माझ्यावरच भडकली:
"दुखतंय डोकं,
आणि ही बाई माझ्या ताटात बघते, उशीत बघते!"

पुढच्या गावात पाद्री दारातच उभा.
"एकच नळी थरथरते हो. तेवढी बदलून टाका."
नोटबुर्गा नळीला कधी दोष देत नाही.
पंचवीस वर्षांत एकदाही नाही.
ती मागे गेली, अंधारात, भात्यापाशी.
हवेच्या पेटीवर कुणीतरी
नाताळच्या जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.
अकरा. मी नंतर मोजल्या.
चामडं एका कोपऱ्यात उसवलेलं.
वर ती नळी बिचारी थरथरत होती
कारण खालून वाराच धड येत नव्हता.

पहिली खुर्ची हातात घेऊन
ती तशीच उभी राहिली.
मी ओरडलो, "कळ सोडू?"
"थांब," ती म्हणाली. "जरा कळ काढ."

तिची एक वही आहे.
कुठल्या चर्चमध्ये किती अंश, हवा किती दमट,
कुठला सूर कितीने घसरला, सगळं त्यात.
त्या दिवसापासून समासात बारीक अक्षर दिसू लागलं:
'सात अंश. न्याहारी नाही. भावाचा फोन, घर विकायचं म्हणतो.
दुपारी डोकं. फ्योन: नाही.'
'चार तास मान वर. पाणी प्यायलेच नाही. फ्योन: नाही.'
'भावाचा फोन. उचलला नाही. डोकं. फ्योन: नाही.'
एका पानावर फक्त,
'गोळी घेतली नाही. हात कापत होते.'

डोकं थांबलं असं मी म्हणणार नाही.
ऑक्टोबरात खराखुरा फ्योन आला,
तेव्हा ती शिडीवरून एकेक पायरी चाचपत उतरली
आणि बाकावर आडवी झाली, कोट तोंडावर.
पण आता वर चढण्याआधी ती राईचा पाव खाते,
हळूहळू, माझ्याशेजारी बसून,
आणि पेटी मी उचलतो.
घराचं अजून काही ठरलेलं नाही.

काल चर्चच्या पायऱ्यांवर तिनेच भावाला फोन लावला.
आत मला तिचा आवाज येत होता, शब्द नाही.
चढला, फाटला, मग बराच वेळ काहीच नाही.
जाताना ती "दाब" म्हणून गेली होती,
"सोड" म्हणायला विसरली.
मी कळ तशीच धरून बसलो.
एकच सूर, रिकामं चर्च.
किती वेळ, ते वहीत नाही.